सतरा नॉब आणि एक काटा : ॲडलाइन बांधतानाच्या नोंदी

4 जानेवारी 2025, शनिवार

सुरुवात कशी झाली ते आधी टिपून ठेवतो, पुढे विसरायला होतं. दिवाळीत भाचा आला होता. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, मशीन शिकतं शिकतं म्हणतात, म्हणजे नेमकं करतं काय?" मी म्हटलं, आकडे हलवतं. त्यावर, "कोणते? कोण हलवतं?" माझ्याकडे सूत्र होतं, उत्तर नव्हतं. वीस वर्षं फर्मवेअर लिहितोय, एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर, चूक बघून आकडे सुधारायची रीत) कितीदा वापरला असेल, पण तो हातात धरून दाखवता येईना.

म्हणून ठरवलं की 1959 साली स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी केलं होतं तसं यंत्र बांधायचं. 16 स्विच, 17 नॉब, एक मीटर. कॉम्प्युटर नाही. शिकवणी माणसाच्या हाताने. नाव ॲडलाइन, म्हणजे 'ॲडॅप्टिव्ह लिनिअर न्यूरॉन'चं आखूड रूप.

5 जानेवारी

सर्किट कागदावर उतरवलं. चार बाय चार अशी स्विचांची चौकट. स्विच वर असेल तर +1, खाली असेल तर −1. खाली म्हणजे शून्य नव्हे, हे ठळक लिहून ठेवतोय, कारण यात घोळ होणार. प्रत्येक स्विचमागे एक पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचा बदलता रेझिस्टर. पॉटच्या दोन टोकांना +9 आणि −9 व्होल्ट, स्विच पाडला की टोकांची अदलाबदल. मधल्या पायावरून 100 किलोओहमच्या रेझिस्टरमधून सगळे ओघ एका ऑप-ॲम्पच्या (इथे बेरीज करणाऱ्या चिपच्या) तोंडाशी. फीडबॅकला 27 किलोओहम. सतरावा पॉट बिनास्विचचा, कायम +1 धरलेला, तो बायस. बेरजेचा काटा गॅल्व्हनोमीटरवर.

नॉब किती फिरला ते त्या स्विचचं वजन, म्हणजे बेरजेत त्याला किती मान. नॉब मधोमध म्हणजे वजन शून्य, उजवीकडे धन, डावीकडे ऋण. झालं एवढंच. पुढच्या साठेक वर्षांतल्या न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे अशा असंख्य वजनांच्या जाळ्याचा, एक कण असा दिसतो.

11 जानेवारी, शनिवार

तपकीर गल्लीत गेलो होतो. सहा पायांचे टॉगल स्विच 16 (दोन जास्तीचे घेतले), 10 किलोओहमचे पॉट 20, नॉब, टीएल072 ही ऑप-ॲम्पची चिप, 9 व्होल्टच्या बॅटऱ्या. गॅल्व्हनोमीटर जुन्या सामानात मिळाला, शाळेच्या प्रयोगशाळेतला, 30-0-30 चा, काळ्या बेकलाइटचा. काचेला तडा आहे, काटा मात्र मोकळा फिरतो.

हिंडताना विड्रोंचा किस्सा आठवत होता. 1959 च्या शरदातली शुक्रवारची दुपार. हॉफ हा नवा विद्यार्थी पहिल्यांदाच चर्चेला आलेला. विड्रो फळ्यावर काहीतरी समजावत होते आणि बोलता बोलता दोघांच्या समोर एलएमएसची युक्ती आली. समोरच्या खोलीत ॲनालॉग कॉम्प्युटर होता, त्यावर हॉफने ती त्याच दुपारी चालवून दाखवली. शनिवार-रविवार विद्यापीठाचं भांडार बंद. मग दोघं पालो आल्टोतल्या झॅक इलेक्ट्रॉनिक्स या दुकानात गेले, स्विच-पॉट घेतले आणि हॉफच्या घरी बसून यंत्र जोडलं. त्यांचं दोन दिवसांत झालं. माझा अजून पत्रा कापून व्हायचाय.

12 जानेवारी

घात! पॉट निम्मे 'ए' छापाचे निघाले. ए म्हणजे लॉग, आवाज कमीजास्त करायला वापरतात ते. मला हवे होते 'बी', सरळ चालीचे. लॉग पॉट मधोमध ठेवला तरी वजन शून्यावर येत नाही, पार एका बाजूला पडतं. दुकानदाराची चूक नाही, डब्यावरचं अक्षर मीच वाचलं नाही. उद्या ऑफिसातून येताना बदलून आणायचे.

18 जानेवारी

पत्र्याला भोकं पाडली, 17 पॉट बसवले. सोल्डरिंग अर्धं झालं. मीटरच्या सीरिजला 10 किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूने जुळवायचा छोटा पॉट) घालून असं जुळवलं की एक नॉब पूर्ण फिरवला की काटा 10 घरं सरकतो. भाचा शेजारी बसून स्विचांना आडव्या तारा मारत होता. हात बरा आहे पोराचा.

त्याला विचारायचं होतं, हे विड्रो कोण. जेवताना सांगितलं. जन्म डिसेंबर 1929, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं नॉर्विच गाव. वडिलांचा बर्फाचा कारखाना. शिक्षण एमआयटीत, 1956 साली डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय क्वांटायझेशनचा गोंगाट: मोजमाप पायऱ्यापायऱ्यांनी घेतलं की पूर्णांकात बसवताना जी चूक राहते ती गोंगाटासारखी वागते, आणि तिची शक्ती पायरीच्या वर्गाच्या बाराव्या हिश्श्याएवढी. आज मी एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) निवडताना जो 'भागिले बारा' झोपेतही लावतो, त्यामागचा सिद्धांत या माणसाने मांडला हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्याच 1956 च्या उन्हाळ्यात डार्टमथला ती प्रसिद्ध बैठक भरली, जिथे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ व्हायला सुरुवात झाली. विड्रोही काही दिवस तिथे जाऊन बसले. परत आले ते विचार करणारं यंत्र करायचंच असं डोक्यात घेऊन. काही महिने त्यातच घालवल्यावर लक्षात आलं की हे काम आपल्या हयातीतल्या सामानाने होण्यातलं नाही. मग त्यांनी भूक कमी केली. विचार करणारं यंत्र राहू दे, आपली चूक पाहून स्वतःला सुधारणारा एक फिल्टर, म्हणजे सिग्नलमधलं नको ते गाळणारी चाळण, तरी होतो का बघू. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. स्वप्न मोडलं म्हणून विषय सोडला नाही.

26 जानेवारी, रविवार

आज चालू झालं. झेंडावंदनाहून आल्यावर लगेच बसलो.

पद्धत अशी. स्विचांवर 'एल' काढला: डावा उभा रकाना आणि खालची ओळ. काटा +20 वर यावा अशी इच्छा. सगळे नॉब मधोमध, म्हणून काटा शून्यावर. चूक 20. ती 17 नॉबांत वाटली, प्रत्येकी जवळजवळ 1.2 घरं. स्विच वर असेल तर नॉब उजवीकडे, खाली असेल तर डावीकडे. सतरावा झाला तेव्हा काटा बरोबर 20 वर.

मग 'टी' काढला, वरची ओळ आणि दुसरा रकाना. याला −20 हवंय. काटा साडेतीन घरं ऋण बाजूला आला, म्हणजे चूक साडेसोळा. पुन्हा वाटणी. पुन्हा एल दाखवला तर 20 चे 23 झालेले. पुन्हा थोडं मागे. चौथ्या फेरीला चूक अर्ध्या घराएवढी, तेवढी माझ्या बोटांचीच असेल.

भाचा म्हणाला, "पण मामा, आपण तर फक्त समोरच्या अक्षराकडे बघतोय. दुसऱ्याचं काय होतंय ते बघतच नाही." हाच मुद्दा. हाच तर शोध!

सगळ्या उदाहरणांची मिळून सरासरी चूक काढायची, ती कमी व्हायची दिशा शोधायची आणि मग हलायचं, ही रीतसर पद्धत. एमआयटीत असताना विड्रोही एकेक वजन जरासं ढकलून, चूक किती बदलली ते मोजून उतार काढत. वेळखाऊ काम. त्या शुक्रवारी दोघांना जे दिसलं ते हे की सरासरी काढायचीच नाही. आत्ता समोर जे एक उदाहरण आहे त्याच्याच चुकीचा वर्ग घ्या, त्याचा उतार घ्या आणि तेवढ्यावर पाऊल टाका. तो उतार वेडावाकडा असतो, कधीकधी चुकीच्या दिशेलाही बोट दाखवतो. पण पाऊल लहान असलं तर सरासरी आपोआप पावलांच्या रांगेत निघते. सूत्र एका ओळीचं: नवं वजन म्हणजे जुनं वजन अधिक 2 गुणिले म्यू (पाऊल किती मोठं ते) गुणिले चूक गुणिले इनपुट (इथे स्विचचा +1 किंवा −1). हाच एलएमएस. उताराचं गणित करायलाच नको, दोन गुणाकार आणि एक बेरीज.

आम्ही आज चूक पूर्णच वाटून टाकली. खऱ्या गोंगाटात असं करत नाहीत, चुकीचा दहावा हिस्सा ते फार तर पूर्ण एवढ्यात राहतात. दुपटीला पोचलं की यंत्र बिथरतं. तेही करून पाहिलं: प्रत्येक नॉब तिप्पट फिरवला, तिसऱ्या वेळेला काटा खुंटीला जाऊन आपटला. काचेचा तडा थोडा वाढला.

रात्री 10 वाजता एक गंमत सापडली. उजवीकडचा सगळ्यात खालचा नॉब फिरवला तर काटा ढिम्म. मागे पाहिलं तर सोल्डर सुकं, पाय नुसता टेकलेला. म्हणजे मधूनच कधीतरी आम्ही 16 च नॉबांवर शिकवायला लागलो होतो आणि यंत्राने कुरकुरही केली नाही. जो हातभार त्या नॉबचा होता तो बाकीच्यांनी वाटून घेतला. हाताने न करता प्रोग्रॅम लिहिला असता तर अशी चूक वर्षभर सापडली नसती. हे चांगलं की वाईट, ठरवता येत नाही.

1 फेब्रुवारी

आज मराठी अक्षरं. चार बाय चारमध्ये फारशी बसत नाहीत, पण प आणि म ओढूनताणून काढता आले. प ला +20, म ला −20.

प शिकवला, काटा 20. म दाखवला, काटा +13! चुकीच्या बाजूला आणि तोही ठाम. चूक 33. ती दुरुस्त केली, तर प चा काटा शून्याच्या जरा खाली. मग चूक 21, मग 14, 9, 6, 4... आठव्या दाखवण्याला दोन घरांच्या आत आली. एल-टीला जे चार फेऱ्यांत झालं त्याला इथे दुप्पट, आणि प्रत्येक फेरीला 17 नॉब. बोटं दुखली.

कारण भाच्यानेच ओळखलं. "वरची रेघ दोघांनाही आहे ना." शिरोरेषा! चार स्विच, दोन्ही अक्षरांत सारखेच वर. ती चार वजनं वेगळं काही सांगतच नाहीत, बायसचे आणखी चार जुळे भाऊ होऊन बसतात. प साठी ती उजवीकडे फिरवली की म ही त्याच बाजूला ओढला जातो. आमच्या रेखाटनात 16 पैकी तीनच घरांत फरक आहे. बायस धरून 14 जागा समान.

तो म्हणाला, "मग रेघ काढून टाकू." वरचे चारही स्विच खाली पाडले. काहीही फरक नाही, तेवढ्याच फेऱ्या. दोघंही पाच मिनिटं बघत बसलो. मग 5 जानेवारीची नोंद आठवली. खाली म्हणजे −1, शून्य नव्हे! रेघ नसणं हेही दोन्ही अक्षरांत समानच. शेवटी त्या चार पॉटच्या तारा उपसून काढल्या. आता 13 नॉब. चूक 31, 17, 9, 5, अडीच, दीड. सहाव्या दाखवण्याला काम झालं.

पुस्तकात याला आयगेनव्हॅल्यूंचा विस्तार म्हणतात. चुकीचं भांडं गोल असेल तर घसरत थेट तळाशी, ते लांबट नावेसारखं असेल तर तळ गाठायला वेळ. वर्गात हे मी दोनदा शिकलोय. शिरोरेषेमुळे समजलं ते पहिल्यांदा.

तारा परत जोडून पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, शेवटपर्यंत, काटा दोन्ही अक्षरांना हलेना इथपर्यंत. मग पत्र्याकडे बघितलं तर 14 नॉब फिरून फिरून पुन्हा मधोमध आले होते. तीनच वळलेले, प्रत्येकी पावणेसात घरांच्या आसपास. नेमके ते तीन, जिथे प आणि म वेगळे आहेत. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. फोटो काढून ठेवलाय.

9 फेब्रुवारी

हात फिरवून कंटाळा आला की माणूस यंत्राला नॉब फिरवायला लावणार. विड्रो-हॉफनाही तेच हवं होतं. 1960 साली त्यांनी 'मेमिस्टर' केला: पेन्सिलच्या शिशावर विजेने तांब्याचा थर चढवायचा किंवा उतरवायचा, की त्याचा विरोध बदलतो. प्रवाह थांबवला की विरोध तिथेच राहतो, म्हणून आठवण. विड्रोंनी त्यावर कंपनीही काढली, मेमिस्टर कॉर्पोरेशन. पुढे बाकीचं इलेक्ट्रॉनिक्स इतकं स्वस्त झालं की हा मार्ग मागे पडला.

कृषी सेवा केंद्रातून पाव किलो मोरचूद आणलं. काचेचा ग्लास, डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या ॲसिडचे तीन थेंब, एक तांब्याची तार, एक सोललेलं शीस. सुरुवातीला शिसाचा विरोध 20 ओहमच्या जवळ. थोडा प्रवाह सोडला, शीस गुलाबी झालं, विरोध दोनच्या खाली. उलटा सोडला, हळूहळू परत वर. पण मल्टिमीटर लावून नुसतं मोजायला गेलं तरी आकडा सरकतो, कारण मोजणीचा डीसी प्रवाहच थर चढवतो. ते लोक एसीने मोजत असत, ते का ते आज कळलं. तिसऱ्या फेरीला थर भुरभुरायला लागला. आई म्हणाली, ग्लास आता स्वयंपाकघरात यायचा नाही. रास्त आहे. मेमिस्टरचा नाद इथेच संपला.

हॉफचं पुढे काय झालं, असं भाच्याने विचारलं. 1962 ला त्याने डॉक्टरेट पूर्ण केली, 1968 ला एका नव्या कंपनीत बारावा कर्मचारी म्हणून लागला. कंपनी इंटेल. 1971 च्या 4004 या, बाजारात आलेल्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या (एका चिपवरच्या कॉम्प्युटरच्या मेंदूच्या) रचनेची कल्पना त्याची. शिकणाऱ्या यंत्रापासून निघाला आणि असं यंत्र करून बसला, ज्याने वजनं नॉबवरून आकड्यांत नेली.

16 फेब्रुवारी

दुसरा भाग: तेच सूत्र, पण आता लॅपटॉपवर आणि आवाजावर. 1960 नंतर न्यूरल नेटवर्कचं गाडं अडलं. एका थराला शिकवता येत होतं, आतल्या थरांना चूक कशी पोचवायची ते सापडेना. विड्रोंच्या वाट्याला मग फिल्टर आले आणि नशीब तिथे उघडलं. 1967 ला स्वतःहून दिशा जुळवणाऱ्या अँटेना. त्याच सुमाराला बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट लकीचा मोडेमसाठीचा इक्वलायझर (फोनलाइनने बिघडवलेला सिग्नल सरळ करणारा फिल्टर), आणि तिथेच भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी प्रतिध्वनी पुसणाऱ्या फिल्टरवर काम करत होते. उपग्रहावरून फोन लावला की आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत यायचा. त्याला आळा घालायचं काम पुढे याच जातीच्या फिल्टरांनी केलं.

आजचा प्रयोग 50 हर्ट्झचा गुणगुणाट. माइकच्या वायरमध्ये घरची वीज शिरलीय. छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून त्याच विजेचा नमुना घेतला, आणि तोच 5 मिलिसेकंद उशिराने, म्हणजे पाव फेरा मागे, दुसरा. दोनच वजनं. ॲडलाइनचे दोनच नॉब म्हणा. दोन्हींच्या बेरजेतून हव्या त्या उंचीची, हव्या त्या वेळेची लाट करता येते, ती वजा करायची. उरलं ते चूक म्हणून परत द्यायचं. गंमत अशी की इथे 'चूक' हाच आपल्याला हवा असलेला आवाज. दोन सेकंदांत गुणगुण गेली. विजेची फ्रीक्वेन्सी जराशी भटकते, वजनं तिच्यामागे गोल गोल फिरत राहतात. ग्राफवर फार छान दिसतं. विड्रोंनी 1975 च्या लेखात हेच ईसीजीतल्या 60 हर्ट्झसाठी केलंय, तिकडची वीज 60 ची.

22 फेब्रुवारी

मिक्सर विरुद्ध आई. एक माइक पेपर वाचणाऱ्या आईपुढे, दुसरा मिक्सरजवळ. 128 वजनं, सेकंदाला 8000 नमुने, म्हणजे 16 मिलिसेकंदांची आठवण. आवाज तेवढ्यात साडेपाच मीटर जातो, आमच्या स्वयंपाकघराला पुरेसं. पहिल्या खेपेला मिक्सर गेला, आईही निम्मी गेली. दुसरा माइक त्याच ओट्यावर होता, तिचा आवाज त्यातही पोचत होता. फिल्टरला काय, दोन्हीकडे सारखं दिसेल ते वजा करायचं एवढंच ठाऊक. दुसरा माइक मिक्सरच्या मागे, उशीच्या आड ठेवला तेव्हा जमलं. आईने रेकॉर्डिंग ऐकून विचारलं, "मी एवढी भरभर वाचते?"

2 मार्च, रविवार

ज्यासाठी एवढं केलं ते आज. त्याच 1975 च्या लेखातला, मला सर्वांत आवडणारा प्रयोग: पोटातल्या बाळाचा ईसीजी. आईच्या पोटावर लीड (हृदयाची वीज टिपणारी तार) लावला तर तिच्याच हृदयाचे ठोके इतके मोठे येतात की बाळाचे त्यात बुडतात. विड्रोंनी छातीवर वेगळे लीड लावले. तिथे आई ऐकू येते, बाळ नाही. छातीवरचं घेऊन पोटावरच्यातून वजा करायचं. मिक्सर म्हणजे आईचं हृदय, इतकाच फरक.

ल्यूव्हेन विद्यापीठाने खुली ठेवलेली नोंद घेतली: आठ वाहिन्या, पाच पोटावरच्या, तीन छातीवरच्या. 10 सेकंदांची. म्यू आधी मोठा ठेवला तर बाळही पुसलं गेलं, फार लहान ठेवला तर 10 सेकंद संपेपर्यंत आई हटेना. नोंद सलग तीनदा चालवली, वजनं तशीच पुढे नेली. तिसऱ्या वेळेला आईचे उंच सुळके खाली बसले आणि त्यांच्यामधून बारीक, जवळजवळचे ठोके वर आले. जिथे आई-बाळाचे ठोके एकावर एक पडतात तिथे अजून मळभ आहे. भाचा मोजत होता. म्हणाला, "हे आईपेक्षा किती फास्ट आहे!" बाळाचं हृदय मिनिटाला 110 ते 160 च्या दरम्यान चालतं, ते त्याला माहीत नव्हतं.

8 मार्च

सामान आवरताना विड्रोंचं आणखी एक काम भाच्याला दाखवलं, 1989 च्या सुमाराचं. डेरिक गुयेन या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी न्यूरल नेटवर्कला ट्रेलरचा ट्रक मागे घ्यायला शिकवलं, कॉम्प्युटरवरच्या चित्रात. तोवर आतल्या थरांपर्यंत चूक पोचवायची रीत सापडली होती, म्हणून विड्रो परत जुन्या वाटेला आले. आमच्या गावाकडचा कोणीही उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागे घेणारा माणूस हे वाचून हसेल, पण तोही पहिल्यांदा चार-सहा वेळा ट्रॉली आडवी घालूनच शिकलेला असतो.

यंत्र कपाटावर ठेवलं. चालू करून पाहिलं तर बॅटऱ्या उतरल्यात. 17 पॉट मिळून सतत 30 मिलिअँपिअर खातात. प ला काटा 20 ऐवजी 12 वर, म ला −12. सगळी वजनं एकाच प्रमाणात घटली, बाजू मात्र बदलली नाही. पुढच्या खेपेला ॲडॅप्टर लावायचा, आणि दुसरा पत्रा. एकाच्या बस की बात नाही असं काही, दोनच स्विचांपैकी नेमका एकच वर आहे का हे ओळखणं, त्याला दोन ॲडलाइन लागतील. बी छापाचे पॉट 17 हवेत. डबा उघडून, अक्षर वाचून घ्यायचे.